माझ्यासमक्ष म्हणजे माझ्यासमोर

ॲडव्होकेट अच्युत चांदोरकरांनी नोटरी व्हायचं ठरवलं, त्या दिवसांत कोथरूडमधल्या निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेला निघाली होती आणि उरलेल्या निम्म्यांतली हिंजवडीला. अमेरिकेला जाणाऱ्यांना प्रतिज्ञापत्रं लागत. हिंजवडीला जाणाऱ्यांना फ्लॅटसाठी कर्ज लागे आणि कर्जाला पुन्हा प्रतिज्ञापत्रं लागत. कुठल्याही वाटेने गेलं तरी शेवटी एक गोल शिक्का आडवा येई.

"एवढी शिकलेली पोरं एका शिक्क्यासाठी शिवाजीनगर कोर्टापर्यंत कडमडत जातात," प्रेमलाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "अहो, तुम्हीच का नाही घेत एक शिक्का? आपली गॅलरी नुसती सायकल सांभाळतेय."

चांदोरकरांना सूचना आवडली. पण ती बायकोची असल्यामुळे त्यांनी ती आठवडाभर फेटाळली आणि मग स्वतःची म्हणून जाहीर केली. त्यांची वकिली दिवाणी होती. दिवाणी दाव्यात माणसं बदलतात, दावा बदलत नाही. परवाच एका मूळ वादीचा नातू येऊन त्यांना विचारून गेला होता, "सर, आपण नक्की वादी आहोत की प्रतिवादी?" अशा धंद्यात, ज्याचं काम सुरू होऊन त्याच बैठकीत संपतं असं काहीतरी असावं, ही त्यांची फार दिवसांची भूक होती. कागद आला, वाचला, सही झाली, शिक्का मारला, माणूस गेला. किती सुटसुटीत!

मग त्यांनी नियम वाचले. नोटरीच्या अर्जावर स्वतःची सही पुरत नाही. एक न्यायदंडाधिकारी, एक राष्ट्रीयीकृत बँकेचा मॅनेजर, एक व्यापारी आणि त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी, एवढ्यांनी अर्जावर सह्या कराव्या लागतात. कायदा करणाऱ्याने हा नियम दिल्लीत बसून केला असणार. पुण्यात दोन प्रतिष्ठित रहिवासी निवडायचे म्हणजे बाकीच्यांना काय ठरवायचं, हा विचार त्याला सुचायचं कारण नव्हतं.

दंडाधिकाऱ्यांनी लगेच सही केली. "तुम्हाला रोज तारखा मागताना बघतो," ते म्हणाले, "ओळखीबद्दल शंकाच नाही." चांदोरकरांनी हे कौतुक म्हणून घ्यायचं ठरवलं.

बँकेचा मॅनेजर मात्र नुकताच बदलून आलेला. त्याने चांदोरकरांचं पासबुक उलटसुलट पाहिलं. "खातं जुनं आहे," तो म्हणाला, "पण त्यात काही हालचाल दिसत नाही. खातं तुमचंच हे मी कशावरून धरू?"

"अहो, मी समोर उभा आहे ना!"

"समोर कोणीही उभा राहील. तुम्ही म्हणजे तुम्हीच, असं एक प्रतिज्ञापत्र आणा. नोटरीकडून करून."

नोटरी होण्यासाठी चांदोरकर नोटरीकडे गेले. कोर्टाच्या आवारात झाडाखाली, खुर्चीच्या पाठीला छत्री बांधून एक काळा कोट बसलेला होता. त्याने वर न बघता कागद ओढला, वर न बघता शिक्का मारला आणि वर न बघता पुढच्याचा कागद ओढला.

"अहो साहेब," चांदोरकर म्हणाले, "मी कोण ते बघाल तरी?"

"कागदावर लिहिलंय की," तो म्हणाला.

चांदोरकर त्या शिक्क्याकडे पाहत राहिले. वर ठसठशीत लिहिलं होतं, 'माझ्यासमक्ष'. त्यांच्या मनात तिथेच काहीतरी घट्ट झालं. आपण नोटरी झालो, तर माझ्यासमक्ष म्हणजे माझ्यासमोर. माणूस दिसला पाहिजे, त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, आणि सही करताना त्याला आपण काय करतोय ते कळलं पाहिजे. हा निश्चय त्यांनी त्या झाडाखाली केला. पुढे जे जे भोगावं लागलं ते सगळं या निश्चयापायी.

व्यापाऱ्याची सही सगळ्यांत सोपी झाली. चौकात वाळू, सिमेंट, विटांचं दुकान असलेले कोंडीराम मूळचे इथलेच शेतकरी. कोथरूडच्या इमारती त्यांच्या घराण्याच्या रानांवर उभ्या, आणि त्या इमारतींची वाळूही त्यांच्याच दुकानातली. चांदोरकर दुकानात गेले तेव्हा ते फोनवर कुणालातरी झापत होते. फोन खांद्यात धरूनच त्यांनी पेन काढलं. "कुठं करू, वकीलसाहेब? हितं? घ्या." अर्ज वाचला नाही की काही विचारलं नाही. वर चहा पाजला. चांदोरकर हेलावून घरी आले आणि प्रेमलाताईंना म्हणाले, "माणुसकी अजून आहे. फक्त आपल्या सोसायटीत नाही."

सोसायटीचं नाव 'स्नेहांगण'. प्रतिष्ठित रहिवासी म्हणून त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या हेमाताई खांबेटे निवडल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि भागातल्या अर्ध्या लोकांचे कान त्यांनी लहानपणी धरलेले. दुसरे, पहिल्या मजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर. दोघांनीही सह्या दिल्या. हेमाताईंनी अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून दिल्या. सगळं बिनबोभाट पार पडलं, असं चांदोरकरांना जेमतेम संध्याकाळपर्यंत वाटलं.

संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष रघुवीर पोंक्षे जिन्यात भेटले. पोंक्षे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते, पण निवृत्ती कारखान्यापासून होती, दारूगोळ्यापासून नव्हती.

"ऐकलं, प्रतिष्ठितांची निवड झाली," ते म्हणाले.

"हो, म्हणजे नियमाप्रमाणे दोनच..."

"नाही, नाही, आमची काही तक्रार नाही. आपण कोण हे माणसाला उतारवयात कळलेलं बरं." एवढं बोलून पोंक्षे एक जिना चढले आणि मग वरून म्हणाले, "डॉक्टर प्रतिष्ठित आहेत हे मात्र माहीत नव्हतं. त्यांची पाण्याच्या टाकीची वर्गणी राहिलीय म्हणून विचारलं."

त्यानंतर सरकारने, कायद्यात आहे म्हणून, या अर्जाबद्दल कोणाची हरकत असल्यास कळवावी अशी सूचना काढली. पुण्यात अशी सूचना काढणं म्हणजे काय, हेही दिल्लीला कोणी सांगितलेलं दिसत नाही. चांदोरकरांच्या नोटरी होण्याला मंगल कार्यालयाच्या मालकापासून अनोळखी पेन्शनरांपर्यंत कोणाचीही हरकत असू शकली असती, पण आली ती एकच, पोंक्ष्यांची. टंकलिखित, मुद्देसूद. अर्जदार स्कूटर जिन्याखाली लावतात. अर्जदार गच्चीवर सांडगे वाळत घालतात. सार्वजनिक जागेचा ज्याला मान नाही, त्याला सार्वजनिक शिक्का कसा द्यावा?

मुंबईला मुलाखत झाली. समोरच्या अधिकाऱ्याने कायद्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि सांडग्यांबद्दल बरेच. "कोणत्या डाळीचे?" हाही त्यांत होता. चांदोरकरांनी मूग असं सांगितलं आणि त्यांना वाटलं, या वयात, या कोटात, हे काय चाललंय आपलं. परत येताना घाटाखाली गाडी थांबली, तेव्हा त्यांनी कर्जतचा वडासुद्धा खाल्ला नाही.

प्रमाणपत्र यायला इतका वेळ लागला, की मधल्या काळात पोंक्ष्यांचा मुलगा अभिनव कंपनीच्या कामासाठी न्यूजर्सीला जाऊन स्थिरावला आणि पोंक्ष्यांच्या घरी कॅमेरा लावलेला कॉम्प्युटर आला. पण आलं. चांदोरकरांनी गॅलरीतून सायकल हलवली, टेबल टाकलं, आणि अप्पा बळवंत चौकात जाऊन शिक्का बनवायला टाकला. शिक्केवाल्याकडे त्या आठवड्यात एका समाजसेवी क्लबाचं मोठं काम चालू होतं. शिक्का आला तेव्हा त्यावर चांदोरकरांचं पूर्ण नाव होतं, पुणे शहर होतं, आणि मधोमध 'रोटरी' होतं.

"एका अक्षराचा फरक आहे," शिक्केवाला म्हणाला. "लोक समजून घेतात."

"लोक समजून घेतील हो. कायदा नाही घेणार."

नवा शिक्का होईपर्यंत बातमी पसरली होती, आणि चार जणांनी चांदोरकरांचं क्लबात निवड झाल्याबद्दल अभिनंदन केलं. त्यांतल्या एकाने रक्तदान शिबिर कधी आहे तेही विचारलं.

शेवटी पाटी लागली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून योगेश आणि पूर्णिमा आले. दोघं नागपूरकडचे, सोसायटीतच भाड्याने राहणारे, नोकरीला हिंजवडीत, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, हातात गृहकर्जाच्या कागदांची जाडजूड फाईल. चांदोरकरांनी कोट चढवला, चष्मा पुसला आणि पहिल्या कागदापासून वाचायला घेतलं. योगेशने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहाला त्याचा अमेरिकेशी कॉल होता.

"सर, फक्त शिक्का पाहिजे होता."

"शिक्का शेवटी असतो," चांदोरकर म्हणाले. "इथे लिहिलंय, 'मी ही सही स्वखुशीने करत आहे.' करताय ना स्वखुशीने?"

योगेश हसला. "सर, वीस वर्षांचं कर्ज कोणी स्वखुशीनं घेते का?"

चांदोरकरांनी पेन खाली ठेवलं. कागद म्हणतो स्वखुशी, माणूस म्हणतो नाही. आता माझ्यासमक्ष कसं लिहायचं?

"अहो सर, गंमत केली मी!"

"गंमत माझ्यासमक्ष केलीत," चांदोरकर म्हणाले. "तीही नोंदवावी लागेल."

पूर्णिमा पुढे सरसावली. "सर, माझी खुशी आहे. फ्लॅट मलाच पाहिजे होता. हा माझ्या खुशीसाठी करून राहिलाय."

चांदोरकरांना हे प्रामाणिक वाटलं, आणि त्यांनी दाखल्यात तसंच लिहिलं, 'अर्जदार क्रमांक दोन यांनी स्वखुशीने व अर्जदार क्रमांक एक यांनी क्रमांक दोन यांच्या खुशीसाठी माझ्यासमक्ष सही केली.' बँकेने फाईल दुसऱ्या दिवशी परत पाठवली. दोघं कोर्टाच्या झाडाखाली जाऊन काम करून आले. योगेशचा तो अमेरिकेचा कॉल चुकला होता, हे तो पुढे महिनाभर सोसायटीत भेटेल त्याला सांगत होता.

त्यानंतर पोंक्षे आले. हरकत घेतली त्या दिवसापासून ते चांदोरकरांशी बोलत नव्हते, त्यामुळे आल्यावर त्यांनी हवेकडे पाहून सुरुवात केली. "आमच्या अभिनवचं मुखत्यारपत्र करायचंय. बाणेरचा फ्लॅट घेतोय तो. त्याच्या वतीने मी सह्या करीन. सही त्याने तिकडून स्कॅन करून ईमेलने पाठवलीय. बघा, प्रिंट स्वच्छ आहे."

"अभिनव कुठे आहे?"

"न्यूजर्सी."

"मग माझ्यासमक्ष कसा?"

पोंक्षे उठले. मग त्यांनी चांदोरकरांना हाताला धरून स्वतःच्या घरी नेलं. कॉम्प्युटरसमोर बसवलं. बराच वेळ मॉडेम कण्हत राहिला, आणि मग पडद्यावर अभिनव उगवला. तिथे सकाळ होती, आणि तो तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. आधी हनुवटी आली, नंतर कपाळ.

"काका, हाय! मी लाईव्ह आहे, बोला!" हनुवटी म्हणाली.

"हा बघा समक्ष," पोंक्षे विजयाने म्हणाले.

"तू सही कर, मी पाहतो," चांदोरकर म्हणाले.

अभिनवने सही करायला हात उचलला आणि चित्र तिथेच गोठलं. हात हवेत, डोळे अर्धे मिटलेले, तोंड किंचित उघडं. दोघांनी वाट पाहिली. चहा आला, प्याला गेला. हात हवेतच. शेवटी चांदोरकर गॅलरीत परतले आणि त्यांनी आपल्या परीने, शेजार सांभाळून, जितकं लिहिता येईल तितकं लिहून दिलं: 'श्री. अभिनव पोंक्षे हे माझ्यासमक्ष अंशतः व चौकोनी तुकड्यांत उपस्थित होते. त्यांनी सही करण्याचा मनोदय दर्शवला. प्रत्यक्ष सही करताना दिसले नाहीत. त्यांचे वडील पूर्णतः उपस्थित होते.'

पोंक्ष्यांनी ते वाचलं. "हा दाखला आहे की पंचनामा?" एवढंच म्हणाले. दार मात्र असं लावलं, की गॅलरीतल्या पाटीचा एक खिळा निसटला.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, इतकं ताणू नका, पित्त वाढतं. कोर्टातला मित्र म्हणाला, अरे, शिक्का मार आणि मोकळा हो, जग काय तुझ्या दाखल्यावर चाललंय? हेमाताईंनी फक्त 'अंशतः' बरोबर लिहिल्याबद्दल शाबासकी दिली. गिऱ्हाईक येईना. सकाळी चांदोरकर कोट घालून गॅलरीत बसत आणि समोरून सोसायटीतली माणसं फायली बगलेत मारून बसस्टॉपकडे, म्हणजे त्या झाडाकडे, जाताना दिसत. काहीजण तर त्यांना पाहून फाईल दुसऱ्या बगलेत घेत.

"शिक्क्याला बुरशी येईल," प्रेमलाताई म्हणाल्या. "सायकल परत आणू का गॅलरीत?"

हा घाव वर्मी लागला. एकदा सोडून द्यावं, असं चांदोरकरांनी स्वतःशी ठरवलं. पुढचा कागद येईल तो डोळे मिटून उरकायचा.

आणि पुढचा कागद कोंडीराम घेऊन आले.

सकाळची वेळ. खाली पांढरी मोठी गाडी लागली आणि कोंडीराम वर आले, फाईल टेबलावर ठेवून समोर बसले. "वकीलसाहेब, एक घरचंच काम हाय. काकूचं मुखत्यारपत्र. खडकवासल्याच्या वाटंला आमचं रान हाय, त्यात काकूचा वाटा. काकूनं समदं माझ्या हवाली केलंय. अंगठा घेतलेलाच हाय. तुमी निस्ता शिक्का मारा."

चांदोरकरांनी कागद पाहिला. इंग्रजी, दाट, बिल्डरच्या वकिलाने केलेला. खाली जांभळा अंगठा. त्यांनी शिक्क्याची डबी उघडली. दुकानातला तो चहा त्यांना आठवला, खांद्यात फोन धरून केलेली सही आठवली. शाईच्या पॅडवर शिक्का टेकवलासुद्धा. आणि तोंडातून नको असताना शब्द निघाले.

"काकू कुठे आहेत?"

"खाली गाडीत. गुडघे धरल्यात, जिना चढवत न्हाई."

"मग मी उतरतो."

"आवं, कशापायी तरास?"

"त्रास कसला, शिक्का उतरतो तर मीही उतरतो," चांदोरकर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. आत्ता तर ठरवलं होतं!

घाईत त्यांनी लेंग्यावरच काळा कोट चढवला आणि पॅड, शिक्का, कागद घेऊन खाली आले. गाडीच्या मागच्या सीटवर यमुनाबाई बसल्या होत्या. वाळकुडा जीव, नऊवारी, मिश्रीचं बोट दातांवरून फिरतंय, डोळे मात्र लख्ख. चांदोरकरांचा लेंगा पाहून त्या म्हणाल्या, "ह्यो वकील हाय?"

"मावशी, हा कागद कसला आहे ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"पेन्शनीचा. कोंडी म्हनला."

कोंडीराम गाडीच्या टायरकडे बघू लागले.

चांदोरकरांनी तिथेच, गाडीच्या दाराशी उभं राहून, एकेक ओळ मराठीत करून वाचायला सुरुवात केली. जमीन विकण्याचा अधिकार. करार करण्याचा अधिकार. यमुनाबाईंच्या नावाने पैसे घेण्याचा अधिकार. यमुनाबाईंना विचारल्याशिवाय. यमुनाबाईंचं बोट दातांवर थांबलं.

"थांब. फिरून वाच. कुनाला अधिकार?"

"कोंडीरामांना."

"आन मी कुठं गेले?"

चांदोरकरांनी कागद शेवटपर्यंत चाळला. "तुम्ही... यात नंतर कुठे येत नाही."

एव्हाना गॅलऱ्या भरल्या होत्या. पुण्यात भांडणाला आमंत्रण लागत नाही, आवाज थोडा चढला की पुरतो. कोंडीराम खाली वाकले. "काकू, बिल्डरला शबूद दिलाय म्या. तुला काय कमी केलंय का आजवर? उपाशी ठिवलंय?"

"न्हाई," यमुनाबाई म्हणाल्या. "चांगलं ठिवलंस. पोटच्या पोरानं ठिवलं नसतं असं ठिवलंस. पन इचारलं न्हाईस."

कोंडीराम गाडीपासून एक पाऊल मागे सरकले. वाळू-सिमेंटच्या दुकानात दिवसभर ओरडणारा तो माणूस एकदम शाळेतल्या पोरासारखा दिसू लागला. चांदोरकरांना त्याची दया आली आणि आपण ही भानगड का उकरली असं वाटलं.

"काट ते," यमुनाबाई चांदोरकरांना म्हणाल्या. "दुसरं लिही. रान कोंडीनं करावं, सारा त्यानं भरावा, कोर्टकचेरी त्यानं करावी. पन इकायचं झालं तर मला समोर बशिवल्याबिगर इकायचं न्हाई. लिही."

चांदोरकरांनी नोटरी झाल्यापासून एवढा स्वच्छ मजकूर ऐकला नव्हता. त्यांनी वरून कोरा स्टॅम्पपेपर मागवला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहू लागले. वरून पोंक्षे ओरडले, "'बसवल्याशिवाय' लिहा! आणि 'उक्त जमीन' म्हणा, नुसती जमीन नको!" राग विसरले होते असं नाही, पण मसुदा चुकीचा होऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हेमाताई गॅलरीतून वेलांट्या सांगत होत्या.

मजकूर झाला, आणि चांदोरकर दाखल्याशी येऊन अडले. दाखल्यात लिहावं लागतं की ही व्यक्ती मला माहीत आहे, किंवा माहीत असलेल्या कोणी ओळखली. त्यांना यमुनाबाई माहीत नव्हत्या. कोंडीरामांची ओळख चालणार नव्हती, कारण कागदात तेच. यमुनाबाईंनी कमरेच्या पिशवीतून मतदार ओळखपत्र काढलं. त्यावर नाव होतं 'जमनाबाई', लिंग पुरुष, आणि फोटो कोणाचाही असू शकला असता.

"मावशी, माफ करा, पण मी तुम्हाला ओळखतो असं मला लिहिता येणार नाही."

यमुनाबाई गाडीतून पुढे वाकल्या. "मला वळखत न्हाई? आरं, तुझी गॅलरी माझ्या मालकाच्या ज्वारीत हाय! तुझा जिना हाय का, थितं आमचा गोठा हुता. आन मला म्हनतो वळखत न्हाई!"

"कायद्याने म्हणतोय हो, मी नाही!" चांदोरकर जवळजवळ रडकुंडीला आले.

"अहो, मी ओळखते!" हेमाताई वरून म्हणाल्या. "या यमुनाबाई. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा दूध घालायच्या आमच्याकडे. पाणी घालून."

"पानी तुमच्याच नळाचं हुतं, बाई," यमुनाबाईंनी वर न बघता सांगितलं.

"बघा! तीच ही!" हेमाताई म्हणाल्या. "लिहा चांदोरकर, मी खाली येऊन सही करते."

आणि मग चांदोरकरांनी तो दाखला लिहिला. लिहिताना त्यांचा हात पहिल्यांदाच अडखळला नाही. 'यमुनाबाई माझ्यासमक्ष हजर झाल्या. मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवला. तो त्यांनी ऐकला, समजून घेतला, स्वतः बदलला, आणि पूर्ण राजीखुशीने अंगठा केला.' यमुनाबाईंनी अंगठा उमटवला, तो निरखून पाहिला आणि पदराला पुसला.

कोंडीरामांनी जुना कागद घडी करून खिशात टाकला. गाडीचं दार लावता लावता ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या अर्जावर म्या सही केली तवा एक शबूद इचारला नव्हता."

"ते चुकलंच तुमचं," चांदोरकर म्हणाले, आणि आपण हे बोललो यावर त्यांचाच विश्वास बसेना. कोंडीराम पुढच्या सीटवर बसले. मग नुसती मान हलवली आणि ड्रायव्हरला चल म्हणाले. पुढे दोन महिने त्यांच्या दुकानात चांदोरकरांना गॅलरीच्या डागडुजीसाठी वाळू मिळाली नाही. संपली, म्हणत. बिल्डर मात्र रोज यमुनाबाईंच्या ओसरीवर येऊन बसू लागला, आणि त्या त्याला रोज पहिल्यापासून सगळं परत सांगायला लावत, असं कानावर आलं.

चांदोरकरांनी ठरवलं, संपलं. शिक्का कपाटात, सायकल गॅलरीत. दिवाणी कोर्टच बरं, तिथे निदान काही घडत नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी खाली टेम्पो थांबला. त्यातून नऊवारीतल्या बायका उतरू लागल्या. एक, दुसरी, मग एकदम घोळका. प्रत्येकीच्या पदरात किंवा पिशवीत कागद. त्या जिन्यात बसल्या, पायऱ्यांवर टेकल्या, गॅलरीच्या दारात गोळा झाल्या. पोंक्ष्यांना खाली उतरायला वाट उरली नाही. त्यांनी वरूनच विचारलं, "चांदोरकर, हे काय? लग्न आहे का?"

"मला विचारू नका!" चांदोरकर ओरडले. "प्रेमला, यांना कोणी बोलावलं?"

"यमुनाबाईंनी सांगितलं म्हणतात," प्रेमलाताई दुसऱ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "कोथरूडचा वकील कागद वाचून दाखवतो म्हणे. आता वाचा. साखर संपलीय, तेवढी सांगून ठेवते."

चांदोरकरांनी कोट घातला. यावेळी पँटवर. पहिली आली ती सुंदराबाई, टेम्पोतली सगळ्यांत म्हातारी. तिने हातातली दोन वांगी टेबलावर ठेवली आणि शेजारी कागद. मुलाने करून दिलेला. चांदोरकरांनी वाचला. ती ऐकत होती, मध्येच हुं म्हणत होती. वाचून झालं. चांदोरकरांनी शाईचं पॅड उघडलं, शिक्का उचलला. सुंदराबाईने कागद अलगद ओढून घेतला, घडी केली आणि कमरेला खोचला.

"अहो आजी, अंगठा?"

"आज न्हाई. आधी पोराला इचारते, मला का इचारलं न्हाईस म्हनून." ती उठली आणि दारातल्या बाईला म्हणाली, "जा गं. चांगलं वाचतोय."

दुसरी आली, तिनेही ऐकलं, तिनेही घडी घातली. तिसरी रडली आणि मग हसली आणि गेली. शिक्का चांदोरकरांच्या हातात तसाच हवेत. शाई वाळायला लागली होती. गॅलरीच्या कठड्यावर वांगी, एक भोपळा आणि हरभऱ्याच्या पेंढ्या जमल्या होत्या, आणि नोटरी अच्युत चांदोरकरांनी सकाळपासून एकाही कागदावर शिक्का मारला नव्हता.

"अहो, कोणीतरी सही करा!" ते शेवटी वैतागून म्हणाले.

पुढची बाई समोर येऊन बसली. तिने पदराखालून कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि तो शिक्का हाताने हळूच बाजूला सारला.

"ते मंग बघू, सायब," ती म्हणाली. "आधी वाचा."